जवाईबापू, साक्षगंध आणि १७ मे

ताई, नमस्कार.

माझं वय ४६. हिंगण्याच्या एमआयडीसीत नोकरी, त्रिमूर्तीनगरात घर, बायको, यंदा बारावीत जाणारी मुलगी, वडील. तक्रार काहीच नाही. विषय तुम्हाला पोरकट वाटेल.

१९९७ ते २००१ मी नागपूरच्याच व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलात होतो. आम्हा चौघांत एक टेपरेकॉर्डर आणि गन्स एन रोझेस या अमेरिकन रॉक बँडच्या कॅसेटी. 'नोव्हेंबर रेन'ची कॅसेट इतक्यांदा वाजली की फीत ताणली गेली आणि गाणं हळू चालायला लागलं. मला आजही मूळ गाणं घाईत गायल्यासारखं वाटतं. तेव्हाच ठरलं होतं, हे लोक भारतात आले तर चौघांनी जायचं. २०१२ मध्ये आले तेव्हा मुलगी चार वर्षांची होती आणि तापानं फणफणली होती. आता १७ मे २०२५ ला मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर येत आहेत. ग्रुपवर टाकलं. एक ह्यूस्टनला आहे, एकाची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, एकानं नुसता अंगठा टाकला. मी त्याच रात्री माझं एक तिकीट काढून टाकलं. घरात कुणाला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना सहज म्हणून विषय काढला. बायको हसली. म्हणाली, "मग? तुम्ही जाऊन राहिले का या वयात? यूट्यूबवर दिसते न फुकटात." मीही हसलो. पुढच्या आठवड्यात वर्ध्याहून साळ्याचा फोन आला, त्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. तारीख १७ मे, संध्याकाळी. मी त्या घरचा एकुलता एक जवाई.

आता दोनच रस्ते दिसतात. कंपनीचं मुंबईत ऑडिट निघालं म्हणून सांगायचं आणि जाऊन यायचं, नाहीतर तिकीट विकून विषय संपवायचा. शिवाय एक भीती आहे. विशी-पंचविशीच्या पोरांत मी एकटाच बावळटासारखा उभा दिसेन. गाणारा माणूसही ६३ वर्षांचा झाला. एवढं सगळं करून गेलो आणि काहीच वाटलं नाही तर?

– जुना श्रोता, त्रिमूर्तीनगर

*

भाऊ,

पोरकट वगैरे काही नाही. या सदराला येणाऱ्या पत्रांत सासू, फ्लॅटची वाटणी आणि मुलांचे मार्क सोडून काही वेगळं आलं, याचाच मला आनंद झाला.

आधी ऑडिट निकालात काढते. तीन तास उभ्यानं ओरडून तुम्ही परत याल तेव्हा घसा बसलेला असेल, पोटऱ्या भरून आलेल्या असतील आणि कुणी काही विचारलं की तुम्ही दोनदा "काय?" म्हणाल. कोणत्या ऑडिटात माणसाची अशी गत होते? तेही शनिवारी रात्री? वहिनींच्या माहेरची दोन-चार पोरं मुंबई-पुण्याला नोकरीला असतीलच, त्यातला एखादा भाचा तुमच्या शेजारीच उभा निघेल आणि साक्षगंधाच्या मांडवात तुमचा फोटो पोचेल. आणि पकडले गेला नाहीत तर जास्त वाईट. २५ वर्षं ज्याची वाट पाहिली ते बघून यायचं आणि घरी आल्यावर त्यातलं एक अक्षर कुणाला सांगायचं नाही. वर हिशोबाच्या वह्या कशा होत्या ते रंगवून सांगायचं. जमणार आहे?

आता तुमचं पत्र तुम्हालाच वाचून दाखवते. ३१ वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, उत्तरपत्रिका तपासायची खोड जात नाही. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जाऊन राहिले का?" भाऊ, हा प्रश्न आहे. त्याला 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर असतं. तुमच्या फोनमध्ये तेव्हा तिकीट पडलेलं होतं आणि तुम्ही नुसते हसलात. अख्ख्या पत्रात वहिनी "जाऊ नका" असं एकदाही म्हणालेल्या नाहीत. साळ्यानंही जवाई नसले तर साक्षगंध अडेल असं म्हटलेलं नाही. ही दोन्ही वाक्यं तुम्हीच त्यांच्या तोंडी घातलीत आणि मग त्यांना घाबरून ऑडिट काढलंत.

हे मला लगेच दिसलं, कारण मीही हेच केलेलं आहे. लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती. धनवटे रंगमंदिरात एका गायिकेची मैफल होती. नाव लिहीत नाही, पण रेडिओवर तिचा आवाज लागला की माझी तव्यावरची पोळी जळायची, एवढं सांगते. नेमकं त्याच दिवशी नणंदेचं डोहाळजेवण. दिवसभर मी पुरण वाटलं, पाट मांडले, आल्यागेल्याचं पाहिलं. मैफल सुरू व्हायच्या वेळेला मागच्या अंगणात परात घासत होते, गरजेपेक्षा जास्त जोरात. त्यानंतर कित्येक वर्षं सासूबाईंवर मनात राग धरला. त्या जायच्या वर्षभर आधी एकदा भाजी निवडताना हे तोंडातून निघून गेलं. म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. "अवं बाई, सांगायचं न मग. मी वाटलं असतं पुरण." मला कुणी अडवलंच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. आता ती गायिका नाही, सासूबाई नाहीत, आणि त्या रात्री ती काय गायली ते मला अजून ठाऊक नाही.

तेव्हा आज रात्रीच वहिनींना सांगा. तिकीट काढलं आहे, तुला न विचारता काढलं, तेवढं चुकलं, मला जायचं आहे. एवढंच. कॅसेटची गोष्ट सांगा, मला लिहिलीत तशीच. बहुधा १८-२० वर्षांच्या संसारात ती त्यांनी ऐकलेलीच नसेल. तुम्ही हेडफोन लावून ऐकत राहिलात, त्यांना वाटत राहिलं की हे काहीतरी इंग्रजी लावून बसतात.

पण यात एक गोष्ट तुमच्या ध्यानात आलेली दिसत नाही. तुम्ही नसलात तर १७ तारखेला त्रास तुम्हाला नाही, वहिनींना आहे. तुम्ही तिकडे गिटार ऐकत असाल आणि इकडे वर्ध्यात ओटी भरायला आलेली प्रत्येक बाई त्यांना विचारेल, "जवाईबापू नाही आले?" चाळीस वेळा विचारतील. तेव्हा काय सांगायचं ते वहिनींनाच ठरवू द्या. 'मुंबईला गाण्याच्या कार्यक्रमाला गेले' असं सरळ सांगायचं की 'कामात आहेत' म्हणून मोकळं व्हायचं, हा त्यांच्या माहेरचा मामला आहे. आणि येत्या रविवारी दोघं वर्ध्याला जा. साळ्याला फोनवर नको, समोर बसून तुम्ही स्वतः सांगा. वहिनींना निरोप्या करू नका. मांडववाला, वरपक्षाची उतरायची सोय, स्वयंपाक्याची यादी, यातलं एखादं काम अंगावर घ्या आणि शुक्रवारपर्यंत पुरं करून टाका. जवाई म्हणून फेटा बांधून खुर्चीत बसण्यापेक्षा साळ्याला त्याचा उपयोग जास्त आहे.

लग्न असतं तर मी तुम्हाला गुपचूप वर्ध्याला जा म्हटलं असतं. साक्षगंध आहे. त्यात आत्याच्या यजमानांचं काम फोटोत उभं राहण्याचं. लग्नाची तारीख मात्र कळेल त्या दिवशी कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करा. त्या दिवशी साक्षात तुमचा गिटारवाला स्लॅश नागपूरच्या स्टेशनवर उतरला तरी तुम्ही मांडवातच.

आणि सगळं ऐकून वहिनी म्हणाल्या की नाही, मला तुम्ही तिथं हवेच आहात, तर? तर तिकीट विका आणि मला चार शिव्या द्या. तो नकार निदान त्यांचा असेल, तुम्ही त्यांच्या नावावर खपवलेला नसेल. पण मला नाही वाटत तसं होईल.

"या वयात" हे दोन शब्द तुम्हाला फार लागलेले दिसतात. माझे वडील आरमोरीकडचे. दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. आजही वडशातून नाटक मंडळ्या निघतात आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया पालथं घालतात. वडील रेंगी, म्हणजे छोटी बैलगाडी, जुंपून पाच-सहा कोसांवरच्या गावी नाटक बघायला जायचे. तणसावर घोंगडं अंथरून रात्रभर बसायचे, उजाडता परत यायचे आणि तोंडावर पाणी मारून थेट धानाच्या बांधीत. पन्नाशी उलटली तरी जायचे. गावात त्यांना कुणी "या वयात" म्हटल्याचं मला आठवत नाही. उलट एखाद्या साली गेले नाहीत तर लोक तब्येत विचारायला घरी यायचे. आवडीच्या माणसाला समोर बघायला रात्रीचा प्रवास करणं हे काही अमेरिकेतून आलेलं खूळ नाही. तुमची रेंगी जरा लांब जाते, इतकंच.

तसंच ते एकट्यानं उभं राहायचं. नागपूरचा माणूस गर्दीला लाजतो हे मी पहिल्यांदाच ऐकते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत पिवळ्या आणि काळ्या मारबतीचे पुतळे मिरवणुकीत समोरासमोर येतात, तेव्हा कपड्याच्या दुकानाचे मालक, बँकेतले साहेब, रिक्षावाले, शाळेतली पोरं, सगळे एका गळ्यानं ओरडतात: ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत! कोण कुणाबरोबर आलं, हे तिथं कुणी पाहत नाही. वरातीत संदलचा ढोल घुमायला लागला की नवरदेवाचे साठीतले काका जे सुटतात, त्यांना कोण आवरतं? तिथं जे चालतं ते रेसकोर्सवरही चालतं.

शिवाय तुमचं गणित चुकलं आहे. या बँडचा पहिला अल्बम १९८७ चा. तुमच्या कॅसेटीवरचं गाणं ज्यातलं, तो अल्बम आणि त्याचा जोडअल्बम एकाच दिवशी निघाले, सप्टेंबर १९९१ मध्ये. तेव्हा १५-२० वर्षांची असलेली पोरं आज पन्नाशीला टेकली किंवा ओलांडून गेली. विशीतलेही येतील, पण गुडघ्याला पट्टा बांधलेले, डोक्यावरचे केस गेलेले आणि तरी काळा टीशर्ट घातलेले पुष्कळ दिसतील. एकट्यानं आलेलेही दिसतील, कारण अंगठा टाकणारे मित्र तुमच्याप्रमाणे सगळ्यांनाच असतात.

२०१२ चुकलं, त्याची रुखरुख तेवढी सोडा. माझा भाचा या बाबतीत चालताबोलता कोश आहे, त्याच्याकडून समजून घेतलं. त्या डिसेंबरात ते बंगळुरू, मुंबई आणि दिल्लीकडे आले खरे, पण स्लॅश बरोबर नव्हता. तो १९९६ ला बाहेर पडला होता. परत यायला २०१६ उजाडलं. पुन्हा एकत्र येणार का, असं गाणाऱ्या ॲक्सलला मधे कधीतरी कुणी विचारलं, तर तो म्हणाला होता, या जन्मात नाही. मग एकत्र आल्यावर दौऱ्याला तेच नाव देऊन टाकलं! आमच्या भाऊबंदकीत एवढी विनोदबुद्धी असती तर कोर्टातल्या निम्म्या तारखा वाचल्या असत्या. असो. तेव्हा ॲक्सल, स्लॅश आणि बेस वाजवणारा डफ, तिघं एका मंचावर भारतात दिसण्याची ही पहिलीच वेळ. मुलीच्या तापानं तुमचं काही फार गेलेलं नाही.

आता यूट्यूब. वहिनींचा हा मुद्दा मला मास्तरणीच्या भूमिकेतून खोडावा लागेल, कारण तो भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं चूक आहे. बेस गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. ही मंडळी वाद्यं अर्धा स्वर उतरवून लावतात, म्हणजे ३९ च्या आसपास. ध्वनीचा वेग आपल्याकडच्या उन्हाळी रात्री सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरा. भागाकार करा. त्या सुराची एक लाट जवळजवळ ९ मीटर लांब असते, तुमच्या दिवाणखान्यात न मावणारी. फोनचा स्पीकर असतो नखाएवढा. तो एवढी हवा हलवूच शकत नाही. मग मेंदू वरच्या स्वरांवरून खालचा सूर अंदाजानं भरून काढतो आणि आपल्याला वाटतं, ऐकलं. तुम्ही २५ वर्षं या गाण्यांचा खालचा मजला अंदाजानं ऐकत आला आहात. टेपरेकॉर्डरवर, मग कारमध्ये, मग फोनवर. रेसकोर्सवर तो कानाआधी बरगड्यांना कळेल. संदलजवळ उभं राहिल्यावर पोटात जे होतं, तेच, पण सुरात.

तुमच्या ताणलेल्या फितीचंही सांगते. फीत ताणली की गाणं नुसतं हळू होत नाही, त्याचा स्वरही उतरतो. त्यांनी आधीच अर्धा स्वर उतरवलेला, त्यात तुमच्या होस्टेलनं आणखी थोडा उतरवला. म्हणजे तुम्ही चौघांनी ऐकलं ते गाणं जगात दुसऱ्या कुणीच ऐकलेलं नाही. १७ तारखेला ते तुम्हाला घाईत वाटणार, आणि चढ्या पट्टीतही. तयारीनं जा.

मागे उभे राहिलात, मंचापासून १०० मीटरवर, तर आणखी एक गंमत दिसेल. मंचावरून आवाज तुमच्यापर्यंत यायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो, उजेड मात्र लगेच पोचतो. काठी ड्रमवर आधी पडते, ठोका मागून येतो. मोठ्या मैदानात म्हणूनच मध्ये स्पीकरचे मनोरे उभे करतात आणि त्यांना आवाज मुद्दाम तेवढ्या उशिरानं सोडायला लावतात, म्हणजे पुढचा आणि मधला आवाज एकमेकांत कालवला जाणार नाही. त्या मनोऱ्याच्या थोडं मागे, मैदानाच्या मधोमध जागा धरा. ध्वनिसंयोजक जिथं बसतात त्याच्या आसपास आवाज सहसा सगळ्यात नीट लागतो. कठड्याला चिकटून उभं राहायचं वय खरंच गेलं. तिथं दुपारपासून जागा धरून बसलेली पोरं असतात आणि लघवीला गेलं की जागा गेली.

कानांचं ऐकाच. ८५ डेसिबल आवाज आठ तास सहन होतो, असं धरतात. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असं करत १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. रॉकच्या मैदानात १०० सहज ओलांडले जातात आणि हा बँड तीन तास वाजवतो. म्हणून औषधाच्या दुकानातून फोमचे बोळे घ्या, पिळून बारीक करून नीट आत सरकवा, आत फुलू द्या. त्यानं गाणं बिघडत नाही, फक्त धार बोथट होते. आपण कापसाच्या मुलखातले, पण कानात कापूस कोंबून जाऊ नका. त्यानं जवळपास काहीच अडत नाही. दुसऱ्या दिवशी कानात हलकी शिट्टी राहिली तर घाबरू नका. दोन दिवसांनीही राहिली तर कानाच्या डॉक्टरकडे जा, महिनाभर काढू नका.

"काहीच वाटलं नाही तर?" या प्रश्नापाशी मी जास्त वेळ थांबले. कारण तसं होऊ शकतं. पहिली १५-२० मिनिटं तर होईलच. तुम्ही स्वतःवरच पाळत ठेवून उभे असाल: आलं का काही? भरून आलं का? समोर हजार फोन वर गेलेले, त्यांच्या फटीतून मंचावरचा माणूस बोटभर दिसतोय, पडद्यावर मोठा दिसतोय म्हणून तुम्ही पडद्याकडेच बघताय, मग हे घरीच बघितलं असतं असं मनात येतंय. येऊ द्या. एक गाणं फोनवर घ्या मुलीला दाखवायला आणि फोन खिशात घाला. ज्या गाण्यासाठी गेलात ते आलं की डोळे मिटले तरी चालेल. ते नऊ मिनिटांच्या घरातलं आहे, घाई नाही.

आवाजाचं म्हणाल तर १९८७ सालचा गळा मागू नका. ६३ वर्षांच्या गळ्याकडून पंचविशीची किंकाळी मागणं हे आपल्यासारख्या गाणं ऐकणाऱ्या मुलखाला शोभत नाही. आपल्याकडे बुवा सत्तरीला आले, वरचा षड्ज टाळायला लागले, तरी लोक बैठकीला जायचे, कारण कुठली जागा कशी टाळली तेसुद्धा ऐकण्यासारखं असायचं. वसंतराव देशपांड्यांच्या नावाचं सभागृह असलेल्या गावात राहता तुम्ही, हे मी काय सांगायचं. आणि गिटारीला घसा नसतो. स्लॅश साठीला टेकलाय, पण बोटांचं वय गळ्याइतकं झटकन दिसत नाही.

राहता राहिली जाण्याची भानगड. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. ते दिवस तुम्ही लपवाछपवीत घालवलेत, त्यात मे महिना म्हणजे लग्नं आणि सुट्ट्या, तेव्हा वेटिंग मिळेल. उन्हाळी विशेष गाड्यांवर नजर ठेवा. नाहीच जमलं तर आदल्या दिवशी तत्काळ, वातानुकूलितसाठी सकाळी दहाला. शुक्रवारी संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेसनं निघालात की शनिवारी सकाळी दादर. तिथून पश्चिम रेल्वेची लोकल: प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी. रेसकोर्स स्टेशनपासून चालत जाण्याजोगं आहे. समृद्धी महामार्गाचा विचार मनात असेल तर काढून टाका. नागपूरहून सरळ, रिकामा, एकसुरी रस्ता, त्यावर जागी माणसंसुद्धा पेंगतात. तुम्ही तर रात्रभर नाचून बसणार गाडीत. रेल्वेनंच जा.

दुपारी कुठंतरी आडवे व्हा. आपल्याला ४५ अंशांची सवय आहे म्हणून मुंबईच्या ३३-३४ ला हसू नका. तिथं घाम वाळत नाही, अंगावरच राहतो, आणि पाच-सहा तास उभं राहायचं आहे. जुने, पायाला बसलेले बूट. नवे मुळीच नाहीत. पाण्याची बाटली दारावर काढून घेतात, म्हणून आत शिरण्याआधी पोटभर पिऊन घ्या, आत गेल्यावर पहिल्यांदा पाणी कुठं मिळतं ते पाहून ठेवा. तिकीट आणि ओळखपत्राचा फोटो फोनमध्ये आधीच जपून ठेवा. एवढ्या गर्दीत नेटवर्क बसतं. आणि मनाची एक तयारी ठेवा: २०११ मध्ये मेटॅलिकाचा गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी फिसकटला होता आणि दोन दिवसांनी बंगळुरूचा झाला. मैदानातले कार्यक्रम असेच असतात. तसं काही झालंच तर मुंबईत समुद्र आहे, बसा एक दिवस जाऊन.

मित्रांचं एक. ह्यूस्टनवाल्याला आणि अँजिओप्लास्टीवाल्याला त्या गाण्याच्या वेळी फोन लावून धरायचा मोह होईल. तिकडे त्यांना नुसती घरघर ऐकू जाईल. तरी लावा. ज्यानं अंगठा टाकला त्याला मात्र नको.

परतीचं तिकीट नागपूरचं काढू नका. रविवारी संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस धरा, सोमवारी अर्धी रजा टाका आणि सकाळी वर्ध्याला उतरा. साक्षगंधाचं घर दोन दिवसांत रिकामं होत नाही. पाहुणे असतील, डब्यात बुंदी उरलेली असेल, वहिनी आणि मुलगी तिथंच असतील. घसा बसलेला असेल तुमचा, तेव्हा काय काय झालं ते दोघींना खुणा करूनच सांगावं लागेल. साळ्याच्या लेकीसाठी पाकीट आधीच भरून ठेवा, नाहीतर गडबडीत विसराल.